आण्णांचा चेहरा नेमका किती रुंद? लग्नाच्या डीव्हीडीतून काढलेल्या एका फोटोचं प्रकरण

सांगलीवाडीतलं हे कुटुंब. घरातले कर्ते, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणायची, ते मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात आयुष्यभर दिवाणजी होते. त्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा घरच्यांना तीन गोष्टी करून हव्या होत्या. पेपरात प्रथम पुण्यस्मरणाची छोटी जाहिरात, गल्लीच्या तोंडाला सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स आणि बैठकीच्या खोलीत लावायला बारा बाय अठरा इंचांची फ्रेम.

तिन्हीसाठी फोटो एकच, कारण दुसरा नव्हता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा सांगलीवाडीतल्या कित्येक घरांतले अल्बम गेले. यांचेही गेले. ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की सोडवताना चित्राचा थरच निघून येतो. तसे चिकटलेले गठ्ठे त्यांनी अजून जपून ठेवले आहेत. मोबाइलमध्ये आण्णा होते, पण शेवटच्या दोन वर्षांतले, आजारपणातले. काकूंना ते भिंतीवर नको होते. वाचली ती थोरल्या मुलीच्या लग्नाची डीव्हीडी, कारण ती मुलीच्या सासरी मिरजेत होती. मंगलाष्टकं चालू असताना आण्णा टोपी घालून, हात जोडून, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे आहेत, असा त्यात एक प्रसंग आहे. घरच्यांनी त्यातली एक फ्रेम संगणकावर काढून घेतली आणि ती दोन ठिकाणी कामाला दिली.

फोटो दुरुस्त करायला माझ्याकडे प्रकरण आलं तेव्हा थोरल्या मुलाच्या पेन ड्राइव्हमध्ये तीन फायली होत्या आणि तिन्हींत तीन वेगळी माणसं होती.

पहिली पेपरच्या जाहिरातीची. तिच्यात आण्णा लांबट, गाल आत गेलेले, मान उंच. दुसरी फ्लेक्सची. तिच्यात चेहरा रुंद, टोपी बसकी, खांदे पैलवानासारखे. तिसरी भाच्यानं मोबाइलमधल्या एका एआय ॲपमधून साफ करून आणलेली. ती दिसायला सगळ्यांत सुबक. कातडी गुळगुळीत, डोळ्यांत चमक, भुवईचा केस न् केस वेगळा. काकूंनी ती बघून एवढंच विचारलं, "गालावरचा तीळ कुठं गेला?"

मुलाची मागणी साधी होती. "दादा, यातला कुठला बरोबर ते सांगा. घरात भांडण लागलंय. आत्या म्हणते लांबट तोच खरा, आमचा चुलता म्हणतो आण्णा असे वाळलेले कधीच नव्हते."

बरोबर एकही नव्हता. पण नुसतं तसं सांगून भागणार नव्हतं, कारण मग चौथा चेहरा मी माझ्या नजरेनं बनवला असता आणि भांडणात एक चेहरा वाढला असता. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, त्याचा चेहरा किती रुंद होता हे मला नजरेनं ठरवता येणार नाही. ते मोजूनच काढायला हवं, आणि मोजायची पट्टी त्या चित्राच्या आतच सापडायला हवी.

ताण कुठे कुठे बसला

आधी फ्लेक्सची फाइल. ती कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली होती आणि मुलानं मूळ फाइलच आणली होती, हे फार बरं झालं. सांगली-मिरजेकडे फ्लेक्सची बरीच कामं कोरलमध्येच होतात, आणि कोरलमध्ये चित्र निवडलं की खालच्या पट्टीत त्याचे डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके, ते दिसतात. आडवे आणि उभे असे दोन आकडे. चित्र न ताणता बसवलं असेल तर दोन्ही आकडे सारखे असतात. इथे होते ७९ बाय १४८. पान एक इंच म्हणजे एक फूट या मापानं मांडलेलं होतं, पण गुणोत्तरासाठी त्यानं फरक पडत नाही. १४८ ला ७९ ने भागलं की १.८७ येतं. म्हणजे मूळ फ्रेम उंचीच्या मानानं १.८७ पट रुंद ओढली होती. कोरलमध्ये निवडलेल्या चित्राभोवती छोटे ठोकळे दिसतात; कोपऱ्याचा ठोकळा धरून ओढलं तर प्रमाण राहतं, बाजूच्या मधल्या ठोकळ्यानं ओढलं तर सुटतं. दुकानदारानं मधला ठोकळा धरला होता. त्याला दोष देताना एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याच्या हातात आलेला मूळ चेहराच विचित्र लांबट होता, आणि फ्लेक्समध्ये रुंद जागा मोकळी होती. त्यानं डोळ्याला बरं वाटेपर्यंत आणि जागा भरेपर्यंत ओढला.

याच फ्लेक्सवर 'भावपूर्ण आदरांजली' ही अक्षरंही अशीच आडवी ओढलेली होती. देवनागरीत ते फार लवकर दिसतं. आडवं ताणलं की काने आणि उभे दंड जाड होतात, शिरोरेघ मात्र तेवढीच राहते, आणि ओळ खालून जड वाटायला लागते. अक्षरं मोठी हवी असतील तर पॉइंट वाढवावेत, जागा भरायची असेल तर मजकूर दोन ओळींत मांडावा.

पेपरच्या जाहिरातीची फक्त जेपीजी होती, त्यामुळे आतलं काही कळायला मार्ग नव्हता. ज्या मुलानं ती जुळवली त्याला फोन केला. तो जुन्या फोटोशॉपवर शिकलेला. तिथे आकार बदलायला कंट्रोल-टी दाबून कोपरा ओढताना शिफ्ट धरायची, म्हणजे प्रमाण राहतं, हे त्याच्या बोटांत बसलेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोटोशॉप सीसी २०१९ आलं आणि ते बनवणाऱ्या अडोबीनं हे उलटं केलं. आता काहीच न धरता ओढलं तर प्रमाण राहतं, शिफ्ट धरली की सुटतं. त्याच्या दुकानात एका टेबलावर जुनी आवृत्ती, दुसऱ्यावर नवी. आण्णांचं काम त्यानं नव्या यंत्रावर केलं, शिफ्ट धरून. आधीच लांबट असलेला चेहरा थोडा आणखी उंच झाला आणि घाईत ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांना जुनी सवय सोडवत नाही त्यांच्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' ही खूण आहे. ती केली की शिफ्ट पूर्वीसारखी चालते. दुकानात दोन आवृत्त्या असतील तर ती एकदा करून टाकावी. रोजच्या पासपोर्ट फोटोंच्या गर्दीत बोटं विचार करत नाहीत.

एआयच्या फायलीत प्रमाणाचा प्रश्न दुय्यम होता. अशी ॲप्स चेहरा साफ करत नाहीत, अंदाजानं नवा रंगवतात. ज्या लाखो चेहऱ्यांवर ती शिकलेली असतात, त्यांवरून 'इथे भुवई अशी असावी' असं ठरवून ती भुवई काढतात. तीळ त्यांना डाग वाटतो. लांबट फ्रेम दिली की लांबट माणूसच खरा धरून त्याला साजेसे गाल देतात. स्मरणाच्या फोटोसाठी ही वाट मला मान्य नाही. त्या घरातल्या नातवंडांना आजोबा आठवणार ते या फोटोवरून, आणि त्यांच्या आठवणीत कुठल्या तरी सरासरी माणसाचे डोळे बसू नयेत.

मूळ फ्रेम लांबट का होती

सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे, आणि लग्नाच्या जुन्या डीव्हीड्या ज्यांच्या घरात आहेत त्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणार.

आपल्याकडच्या टीव्हीची जी पाल नावाची व्हिडिओ पद्धत, तिची डीव्हीडी चित्र साठवते ७२० बाय ५७६ ठिपक्यांत, म्हणजे पिक्सेलमध्ये. टीव्ही जुना, चौकोनी, ४:३ चा असो की रुंद १६:९ चा, ठिपके तेवढेच. ७२० ला ५७६ ने भागलं तर १.२५ येतं. हे ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. कारण व्हिडिओतले ठिपके चौरस धरलेलेच नसतात. रुंद चित्र दाबून या चौकटीत भरलेलं असतं, आणि 'दाखवताना मला इतकं पसरव' अशी एक खूण फायलीत असते. डीव्हीडी प्लेअर ती खूण वाचतो, पसरवतो, आणि टीव्हीवर माणसं माणसांसारखी दिसतात. पण तीच फ्रेम ठिपक्याला ठिपका अशी जेपीजी म्हणून बाहेर काढली की खूण मागे राहते. फोटोच्या जगात ठिपका चौरस. मग दाबलेलं चित्र दाबलेलंच दिसतं.

म्हणजे आत्याला खरा वाटलेला लांबट चेहराही खरा नव्हता. टीव्हीवर ही डीव्हीडी त्यांनी कितीदा तरी पाहिली असेल आणि तिथे आण्णा बरोबर दिसले असतील. पण टीव्हीवरच्या आणि कागदावरच्या चेहऱ्यात फरक असेल अशी शंका कुणाला का यावी?

आता पसरवायचं किती? डीव्हीडीवरची खूण १६:९ सांगत होती. पण त्यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही. त्या काळात लग्नाचं शूटिंग एका जागी, एडिटिंग दुसऱ्या जागी व्हायचं, आणि ४:३ मध्ये घेतलेलं चित्र १६:९ ची खूण लावून डीव्हीडीवर चढवलं, असं सर्रास घडायचं. तसं असेल तर टीव्हीवरसुद्धा सगळे वऱ्हाडी जाडे दिसले असणार. खूण खरी की खोटी हे चित्रानंच सांगायला हवं.

भिंतीवरचं घड्याळ

गोल वस्तू शोधायची. गोल वस्तू समोरून गोलच दिसते आणि तिची रुंदी-उंची सारखी असते, हे माणसाच्या चेहऱ्याबद्दल म्हणता येत नाही. लग्नाच्या चित्रात गोल वस्तू ढीगभर असतात, पण बहुतेक निरुपयोगी. ताट तिरपं धरलेलं, कलशाचं तोंड वरून दिसणारं, चष्म्याची काच मानेबरोबर कललेली. तिरपं वर्तुळ लंबगोल दिसतंच, त्यात ताण कुठला आणि तिरपेपणा कुठला हे वेगळं करता येत नाही.

कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर, आण्णांच्या डाव्या खांद्याच्या वरच्या बाजूला, एक पांढरं घड्याळ होतं. भिंत कॅमेऱ्याला समोरासमोर होती. तिच्यावरच्या खिडकीच्या वरच्या आणि खालच्या कडा समांतर दिसत होत्या, त्यावरून ते कळलं. घड्याळ चौकटीच्या मध्याजवळही होतं. याला महत्त्व आहे. रुंद भिंगात चित्राच्या कडेला सरळ रेषा वाकतात आणि गोल वस्तूंचा आकार बिघडू शकतो, मग कडेचं घड्याळ मोजून चुकीचं उत्तर मिळू शकतं.

फोटोशॉपमध्ये चौकोनी सिलेक्शन घड्याळाच्या कडांना टेकवून माप इन्फो पॅनेलमध्ये वाचलं. रुंदी ६२ ठिपके, उंची ९०. भागाकार १.४५. चित्र जर ४:३ चं असतं तर हेच घड्याळ ६२ बाय ६८ च्या आसपास भरलं असतं. म्हणजे शूटिंग खरोखर १६:९ मध्येच होतं आणि खूण खरी होती. फ्लेक्सवाल्याचं १.८७ हे १.४५ च्या किती पुढे गेलं होतं तेही आता सांगता आलं. आण्णा फ्लेक्सवर जवळपास २९ टक्के जास्त रुंद होते.

एक बारीक प्रश्न उरला. ५७६ उंचीला १६:९ रुंदी सरळ हिशेबानं १०२४ येते, म्हणजे १.४२ पट. पण अडोबीनं २००८ च्या सीएस४ या आवृत्तीपासून पाल रुंद चित्रासाठी १.४२ ऐवजी १.४६ हा आकडा धरला आहे, त्यानं रुंदी १०५० येते. कारण असं की डिजिटल व्हिडिओच्या मानकात खरं १६:९ चित्र ७२० पैकी मधल्या साधारण ७०२ ठिपक्यांतच बसतं, दोन्ही कडांना थोडी जास्तीची पट्टी असते. घड्याळ या दोन आकड्यांत निवाडा करू शकत नव्हतं. एक ठिपका इकडे-तिकडे मोजला गेला की उत्तर १.४३ किंवा १.४७ होतं. मी १०५० घेतलं, कारण चित्र व्हिडिओ कॅमेऱ्यातून आलेलं होतं आणि कॅमेरे त्या मानकाला धरून असतात. दोन्हींतला फरक अडीच टक्के. चेहऱ्यात तो कुणाला दिसत नाही.

आधार कार्डावरचा फोटोही शेजारी ठेवून पाहिला, पण त्याला पुरावा मानलं नाही. तो अगदी जवळून घेतलेला असतो, आणि जवळच्या कॅमेऱ्यात नाक मोठं, कान मागे गेलेले दिसतात. चेहऱ्यावरून चेहरा तपासणं मला कच्चं वाटतं. घड्याळ पक्कं.

इमेज साइजच्या खिडकीत रुंदी आणि उंचीमध्ये जी साखळी असते, ती आम्ही कामगार माणसं कधी तोडत नाही. इथे तोडली. रुंदी १०५०, उंची ५७६, तशीच. आडवं-उभं वेगवेगळं ताणायला मी एकाच कारणासाठी तयार असतो: आधी बसलेला ताण काढायचा असेल तर. नुसतं बघण्यापुरतं करायचं असेल तर व्ह्यू मेनूत पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो निवडूनही चित्र बरोबर दिसतं, पण ते पडद्यापुरतंच. फायलीतले ठिपके हलत नाहीत, आणि ती फाइल दुसरीकडे गेली की चेहरा पुन्हा लांबट.

काकूंना दाखवायला ही १०५० ची फ्रेम पडद्यावर लावली. त्यांनी आधी कान बघितले. "कान असेच हुते त्यांचे, जरा पुढं आलेले." आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी फोन काढून पडद्याचा फोटो घेतला.

मोठा करताना

प्रमाण सापडलं, पण चित्र इवलंसं होतं. आण्णांचं डोकं आणि खांदे मूळ फ्रेममध्ये २०६ बाय ४०० ठिपके, ताण काढल्यावर ३०० बाय ४००. बारा बाय अठराच्या फ्रेमला इंचाला ३०० ठिपक्यांच्या हिशेबानं ३६०० बाय ५४०० लागतात. सॉफ्टवेअर मोठं करतं म्हणजे दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाचे ठिपके भरतं. जे तपशील कॅमेऱ्यानं टिपलेच नाहीत ते येणार कुठून?

थोडे तपशील मात्र मिळवता आले, आणि या कामातला हा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम असतात. मंगलाष्टकात आण्णा अर्धा-एक सेकंद अगदी स्थिर उभे होते. लागोपाठच्या नऊ फ्रेम काढल्या, फोटोशॉपमध्ये एकावर एक थर लावले, ऑटो-अलाइननं जुळवले, सगळ्यांचं एक स्मार्ट ऑब्जेक्ट केलं आणि स्टॅक मोड 'मीन' लावला, म्हणजे नऊ फ्रेमची सरासरी. प्रत्येक फ्रेममधली खरखर वेगळी असते, चेहरा मात्र तोच. सरासरीत खरखर एकमेकींना खाते आणि चेहरा उरतो. नऊ फ्रेमला खरखर साधारण एक तृतीयांशावर येते. टोपीच्या शिवणीची रेघ मूळ फ्रेममध्ये तुटक होती, ती इथे सलग आली. तीळ तर स्पष्टच आला. ज्या ॲपनं तो पुसला, त्याला एकच फ्रेम दिली होती.

आण्णा स्थिर होते याचा दुसरा फायदाही झाला. त्या काळातला व्हिडिओ इंटरलेस्ड असायचा. एका फ्रेममध्ये सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या, त्यामुळे हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते काढायला डी-इंटरलेस फिल्टर लावला की अर्ध्या ओळी जातात. चेहरा हललाच नव्हता, म्हणून फिल्टर लावला नाही आणि ५७६ च्या ५७६ ओळी कामी आल्या. जिथे लावावाच लागतो तिथे तो आकार बदलण्याच्या आधी लावायचा; नंतर ओळी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात आणि फिल्टरला त्या वेगळ्या सापडत नाहीत.

छपाईची फाइल मी १०५० च्या चित्रावरून केली नाही. मूळ २०६ बाय ४०० च्या सरासरी चित्रावरून एकाच वेळी १८०० बाय २४०० केली, म्हणजे ताण काढणं आणि मोठं करणं एका फटक्यात. दोनदा आकार बदलला की चित्र दोनदा मऊ होतं. मोठं करायची 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' ही पद्धत लावून पाहिली, पण व्हिडिओ कॅमेऱ्यानं कडांना आधीच एक पांढरी किनार दिलेली असते, ती यात आणखी उठून आली आणि टोपीभोवती प्रभावळ दिसायला लागली. म्हणून 'बायक्युबिक स्मूदर' ही मऊ पद्धत घेतली. वर अगदी थोडं नॉइज, म्हणजे खरखर, टाकलं. मऊ पडलेल्या चित्राला जुन्या फोटोसारखे बारीक कण मिळाले की डोळा ते फोटो म्हणून स्वीकारतो.

तीन चौकटी

पेपरचं काम सगळ्यांत सोपं निघालं. जाहिरातीत फोटो तीन बाय चार सेंटिमीटरचा. आपल्याकडचे ३०० बाय ४०० ठिपके तेवढ्या जागेत इंचाला अडीचशेच्या वर पडतात. पेपरच्या कागदाला तेवढे भरपूर झाले. मुलाला फक्त सांगितलं की फाइल व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप मोठे फोटो लहान करतं, हे लोकांना माहीत असतं. पण इतका लहान फोटो आकाराला तेवढाच राहिला तरी जेपीजी नव्यानं दाबली जाते, आणि अशा चित्रात वाया घालवायला काही नसतं.

फ्रेमवर बरंच बोलणं झालं. मुलाला बारा बाय अठरा कागदभर चेहरा हवा होता. बैठकीच्या खोलीत फोटो माणूस तीन-चार फुटांवरून बघतो, आणि तेवढ्या जवळून मऊपणा दिसणारच. त्याला दोन्ही प्रिंट काढून भिंतीला लावून दाखवल्या: एक कागदभर, दुसरी सहा बाय आठची. कागदभर प्रिंटमध्ये चेहरा धुक्यात असल्यासारखा. सहा बाय आठमध्ये डोळे बघतात. मग फ्रेम बारा बाय अठराचीच ठेवली, मध्ये सहा बाय आठचा फोटो, भोवती मळकट पांढरं रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, खाली नाव आणि तारखा. निर्णय काकूंनी दिला.

फ्लेक्सची गोष्ट लोकांना उलटी वाटते. आकार सगळ्यांत मोठा, म्हणून फोटो सगळ्यांत भारी लागणार असं सगळे धरून चालतात. पण सामान्य डोळ्याला कोनाच्या एका मिनिटाहून, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाहून, बारीक फरक कळत नाही. सहा बाय चारच्या फ्लेक्सवर आण्णांचा फोटो दोन फूट रुंद धरला, तर मूळ ३०० ठिपके इंचाला साडेबारा पडतात. आणि साधारण तेवीस फुटांच्या पलीकडून ते ठिपके वेगळे दिसतच नाहीत. गल्लीच्या तोंडाचा फ्लेक्स रस्त्यावरून बघितला जातो, त्याहून लांबूनच. १८०० बाय २४०० ची मऊ फाइल तिथे निवांत चालते.

प्रश्न होता आडव्या जागेचा. फ्लेक्स आडवा, चेहरा उभा. दुकानदाराला जागा भरायची होती म्हणून त्यानं चेहरा ओढला होता. अशा वेळी चेहऱ्याला हात न लावता मागची जागा वाढवायची. फोटोशॉपमध्ये कंटेंट-अवेअर स्केल आहे, सीएस४ पासून. त्यात चेहऱ्याभोवती सिलेक्शन करून ते चॅनेल म्हणून जपलं आणि 'प्रोटेक्ट'मध्ये निवडलं, तर चित्र रुंद होतं पण चेहरा तसाच राहतो. करून बघितलं. आण्णांच्या लगेच मागे मंडपाचा चुणीदार पडदा होता, आणि चुण्या कुठे दाट, कुठे पसरलेल्या, लाटांसारख्या झाल्या. आकाश, भिंत, गवत असलं काही मागे असतं तर हे साधन कामाला आलं असतं. पडद्याला नाही. शेवटी पेन टूलनं आण्णा कापून घेतले आणि साध्या फिक्या भगव्या रंगावर डाव्या बाजूला बसवले, उजवीकडे मजकूर. मजकूर दोन ओळींत, न ओढता.

मुलाला चार फायली दिल्या. मूळ नऊ फ्रेम जशाच्या तशा, १०५० बाय ५७६ ची ताण काढलेली, छपाईची १८०० बाय २४००, आणि मागचा भाग कापलेली पीएनजी. पहिल्या फायलींच्या नावातच 'पाल रुंद, १.४६' असं लिहिलं, म्हणजे पुढे कुणाच्या हातात पडल्या तर लांबट चेहरा बघून तो पुन्हा अंदाजानं ओढायला लागणार नाही. डीव्हीडीची पूर्ण नक्कल हार्ड डिस्कवर करून ठेवायलाही सांगितलं. घरी लिहिलेल्या डीव्हीडींचा रंगाचा थर वर्षानुवर्षं टिकतोच असं नाही, आणि त्या लग्नात आण्णांच्या थोरल्या भावाचा, आईचा चेहराही आहे. आत्यांना आता आईचा हवा आहे. ती मात्र पूर्ण वेळ हालचाल करत होती, त्यामुळे तिथे डी-इंटरलेस लागेल आणि काम याहून मऊ निघेल, हे त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.

फ्लेक्स त्याच पहिल्या दुकानात छापायचा होता, तिथे उधारी चालते म्हणून. छापायच्या आधी मुलाला एकच काम सांगितलं होतं: कोरलमध्ये फोटो निवडायला लाव आणि खालची पट्टी वाच. दुपारी त्याचा फोन आला. "दादा, ९०० बाय ९०० आलंय." पान इंचाला फुटाच्या मापात होतं, म्हणजे खऱ्या आकारात इंचाला ७५, आणि आडवं-उभं सारखं. छापायला टाक म्हटलं.